ईमेल पत्त्यावरून माणसाची कुंडली काढणारी लायब्ररी: वापरावी का?

सेमीकोलन

मंडळी, प्रश्न तांत्रिक आहे, पण त्याला एक नैतिक शेपूटही आहे.

आम्ही तिघं मिळून एक वेब ॲप चालवतो. छोट्या संस्थांसाठी सभासदांची यादी, वर्गणी, पावत्या असा मामला. नोंदणीच्या फॉर्मवर सात रकाने आहेत आणि लोक तिसऱ्या-चौथ्या रकान्यावर कंटाळून पळतात. एका सहकाऱ्याचं म्हणणं असं की फक्त ईमेल विचारू आणि बाकीचं लायब्ररीकडून, म्हणजे आयत्या कोडकडून, भरून घेऊ. फंक्शन एकच. आत ईमेल पत्ता टाकायचा, बाहेर जेसन, म्हणजे रकानेवार मांडलेला मजकूर, येतं. त्यात पूर्ण नाव, फोटो, कंपनी, हुद्दा, शहर, लिंक्डइन, गिटहब असं सगळं असतं.

मी माझाच पत्ता टाकून बघितला. हुद्दा दोन नोकऱ्यांआधीचा आला, फोटो कुठल्या तरी बंद पडलेल्या साइटवरचा. पण शहर बरोबर होतं. शिवाय 'वयोगट' म्हणून एक रकाना होता. माझं वय मी कुठे आणि कधी सांगितलं, हे डोकं खाजवूनही आठवलं नाही.

तर विचारायचं आहे ते असं. कुणी असली लायब्ररी प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे खऱ्या ग्राहकांसाठी, वापरली आहे का? माहिती कितपत भरवशाची असते? आणि समोरच्याला न सांगता हे करणं बरं दिसतं का?

टिंबटिंब

पहिली चाचणी तुमच्या पत्त्यावर झाली, दुसरी सासरेबुवांच्या पत्त्यावर करा. शेपटाचं उत्तर आपोआप मिळेल.

रिकर्सिव्ह

वापरली आहे, दोन वेगवेगळ्या प्रोजेक्टांत. आधी एक गैरसमज दूर करतो. लायब्ररी स्वतः काहीच शोधत नाही. ती शंभर-दोनशे ओळींचं वेष्टन असते. सेवेने दिलेली तुमची एपीआय की, म्हणजे ओळखीची किल्ली, जोडायची, पत्ता पुढे पाठवायचा, आलेलं जेसन ऑब्जेक्टमध्ये भरायचं, एवढंच तिचं काम. खरा माल फुलकॉन्टॅक्ट, क्लिअरबिट, पीपल डेटा लॅब्ज अशा सेवांच्या कोठारात असतो. म्हणून गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरचे तारे मोजत बसू नका. मागची सेवा जिवंत आहे का आणि ती कुणाच्या ताब्यात गेली आहे, ते बघा. क्लिअरबिट २०२३ च्या अखेरीस हबस्पॉटने घेतली. त्यानंतर तिच्या जुन्या वेष्टनांवर उभा केलेला कोड लोकांना एकेक करून उपटावा लागला.

दुसरी गोष्ट, उत्तर ताबडतोब येईलच असं नाही. सेवेच्या उत्तरात २०० हा आकडा आला तर माहिती मिळाली आणि ४०४ आलं तर नाही मिळाली, इथवर ठीक. पण जुन्या फुलकॉन्टॅक्ट आणि क्लिअरबिटमध्ये २०२ देखील यायचं. म्हणजे 'शोधतोय, मागाहून सांगतो'. मग एक तर परत परत विचारत राहा, नाही तर उत्तर आलं की आपल्या सर्व्हरला कळवणारा वेबहुक लावा. वापरणारा फॉर्मसमोर ताटकळतोय आणि तुमचा सर्व्हर त्याचा हुद्दा कुठे सापडतो का म्हणून वाट बघतोय! या २०२ साठी आम्ही जेवढा कोड लिहिला तेवढा उरलेल्या फॉर्मसाठीही लिहिला नव्हता.

भरवशाचं म्हणाल तर ऑफिसच्या पत्त्यांवर बरं चालतं. जीमेलसारख्या खासगी पत्त्यांवर एक तर काहीच येत नाही, नाही तर बरंच शिळं येतं. तुमचे ग्राहक छोट्या संस्था, म्हणजे बहुतेक सगळे खासगी पत्तेच असणार. तुम्हाला याचा उपयोग शून्य.

उंटावरचा शहाणा

माझा पहिला ईमेल पत्ता कॉलेजात असताना काढलेला. त्यात 'कूल' आहे, 'डेव्हिल' आहे आणि जन्मसालही आहे. बँकेपासून विम्यापर्यंत सगळं त्याच्यावर चालू असल्यामुळे आता सोडवत नाही. वयोगटासाठी कुणी लायब्ररीवर पैसे घालू नका, पत्ता वाचा.

सेमीकोलन

@उंटावरचा शहाणा, म्हणजे वय, कूलपणा आणि स्वभाव, तिन्ही एका ओळीत. आम्हाला अजून काय पाहिजे!

@रिकर्सिव्ह, २०२ बद्दल माहीत नव्हतं. आम्ही वापरून बघितली तीही आतून तसंच करते असं दिसतंय. तिच्या उदाहरणाच्या कोडमध्ये पाच सेकंद थांबायची ओळ आहे. ती का आहे ते आत्ता कळलं.

जुना मॉडेम

अवांतर वाटेल, पण हे खूळ नवं नाही. युनिक्सच्या जमान्यात 'फिंगर' नावाची आज्ञा होती. वापरणारा@यंत्र असं लिहायचं, की त्या माणसाचं पूर्ण नाव, तो शेवटचा कधी लॉग-इन झाला, त्याने टपाल वाचलंय की नाही, असं सगळं पडद्यावर. त्याचं पहिलं मानकपत्र, आरएफसी ७४२, १९७७ सालचं आहे. लोक आपल्या खात्यात 'प्लॅन' नावाची फाइल ठेवायचे आणि फिंगर केलं की तीही दिसायची. कुणी त्यात ऑफिसात बसायच्या वेळा लिहायचं, कुणी कविता.

१९८८ च्या मॉरिस वर्मने शिरकावासाठी ज्या वाटा वापरल्या त्यांत फिंगरच्या सर्व्हर प्रोग्राममधलं बफर ओव्हरफ्लोचं, म्हणजे जागेपेक्षा जास्त मजकूर कोंबल्याने पडणारं, भोक होतं. त्यानंतर हळूहळू सगळ्यांनीच फिंगर बंद केलं. त्याचा नातू मात्र अजून हिंडतोय. त्याचं नाव वेबफिंगर, आरएफसी ७०३३, साल २०१३. मॅस्टडॉन या सोशल नेटवर्कवर कुणाला नाव@सर्व्हर असं शोधलंत की पडद्यामागे तोच धावतो.

एक फरक मात्र आहे. प्लॅन फाइल माणूस स्वतःच्या हाताने लिहायचा. ती पुसली की विषय संपला. या नव्या कोठारांतली फाइल तिसराच कुणी लिहितो आणि ती आपल्याला दिसतसुद्धा नाही.

नेमस्त

मी विक्रीच्या बाजूचा माणूस आहे, त्यामुळे मार खायची तयारी ठेवून लिहितो.

या सेवा दाखवतात ती माहिती बहुतेक वेळा माणसाने स्वतःच कुठे ना कुठे टाकलेली असते. लिंक्डइनवर हुद्दा कुणी लिहिला? गिटहबवर फोटो कुणी लावला? मग ते एका जागी गोळा करण्यात पाप ते काय? जीमेलच्या कडेला चालणारं रॅपोर्टिव्ह आठवतंय का? २०१० मध्ये आलं. मेल उघडली की उजवीकडे पाठवणाऱ्याचा फोटो, कंपनी आणि सोशल मीडियावरची खाती दिसायची. आम्ही विक्रीवाले त्यावर बेहद्द खूश होतो. 'टू'च्या रकान्यात नाव.आडनाव@कंपनी, मग नुसतं आद्याक्षर आणि आडनाव, असे निरनिराळे पत्ते टाकत जायचो. कडेला ज्याच्यावर चेहरा उमटला तो पत्ता खरा. मेल न पाठवता पत्ता सापडायचा! २०१२ मध्ये लिंक्डइनने ते विकत घेतलं आणि पुढे एकेक सोय काढत नेली. तेव्हा हळहळलो होतो, खोटं कशाला सांगू.

समोरच्याबद्दल चार गोष्टी माहीत असल्या की त्याचाही वेळ वाचतो. अनोळखी माणसाला 'प्रिय महोदय/महोदया' लिहिण्यापेक्षा ते बरं नाही का?

निळी शाई

@नेमस्त, मार देत नाही, अनुभव सांगते.

लग्नानंतर मी काही वर्षं नवऱ्याचं आडनाव लावत होते. मग वेगळे झालो आणि कागदोपत्री सगळीकडे माहेरचं आडनाव परत आणलं. पण ईमेल पत्ता मध्ये कधीच बदलला नाही. त्यात कुठलंच आडनाव नसल्यामुळे तशी गरजही पडली नाही. मध्यंतरी एका सॉफ्टवेअरचं चाचणी खातं उघडलं. फॉर्मवर फक्त ईमेल विचारला होता, मला बरंच वाटलं. दुसऱ्या पानावर मोठ्या अक्षरांत स्वागत आलं आणि त्यात जुनं आडनाव होतं. शेजारी आमचा दोघांचा फोटो, माझ्या बाजूने कापलेला, नवऱ्याचा खांदा तेवढा दिसत होता.

तो फोटो कधी आणि कुठे टाकला होता तेही मला माहीत आहे. मीच टाकला होता. काढलाही मीच होता. तुमचं 'स्वतःच टाकलेली असते' हे म्हणणं मान्य. पण मी ते काढलं, त्याचं काय?

त्यांच्या मदत कक्षाला लिहिलं. उत्तर आलं, 'ही माहिती आमच्या भागीदाराकडून येते, कृपया त्यांच्याशी संपर्क साधावा.' भागीदार कोण, ते मात्र शेवटपर्यंत सांगितलं नाही.

नेमस्त

@निळी शाई, हे वाईटच झालं. यावर वाद घालणार नाही. माझं म्हणणं एवढंच की हा शिळ्या डेटाचा दोष आहे. डेटा ताजा ठेवला तर असं होणार नाही.

निळी शाई

ताजा ठेवण्यासाठी माझ्यावर सतत नजर ठेवावी लागेल, नाही का?

टिंबटिंब

षटकार.

कायदेबाज

सेमीकोलनरावांच्या शेपटाकडे वळतो. युरोपातला एकही ग्राहक असेल तर 'बरं दिसतं का' एवढ्यावर भागत नाही. जीडीपीआर हा युरोपचा डेटा संरक्षण कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे आणि त्याचं कलम १४ नेमकं याच प्रसंगासाठी आहे. माहिती त्या व्यक्तीकडून न घेता दुसरीकडून मिळवली, तर ती मिळवल्याचं, कुठून मिळवली ते आणि कशासाठी ते त्या व्यक्तीला कळवावं लागतं. वाजवी मुदतीत, जास्तीत जास्त एका महिन्याच्या आत. 'भागीदाराला विचारा' हे उत्तर तिथे चालत नाही.

पोलंडमधलं एक प्रकरण मुद्दाम सांगतो. मार्च २०१९ मध्ये तिथल्या डेटा संरक्षण कार्यालयाने बिसनोड या कंपनीला सुमारे ९ लाख ४३ हजार झ्लॉटी दंड केला. जीडीपीआरखालचा त्या देशातला हा पहिलाच दंड. कंपनीने सार्वजनिक सरकारी नोंदवह्यांमधून लाखो व्यावसायिकांची माहिती गोळा केली होती. सा-र्व-ज-नि-क, @नेमस्त. ज्यांचे ईमेल हाताशी होते अशा सुमारे ९० हजार लोकांना तिने कळवलंही. बाकीच्यांना टपालाने कळवणं फार महाग पडेल म्हणून नुसती वेबसाइटवर सूचना लावली. कार्यालय म्हणालं, एवढ्याने भागणार नाही.

मला त्यातला दुसराच आकडा लक्षात राहिलाय. ज्या ९० हजार जणांना कळवलं त्यांतल्या १२ हजारांहून जास्त लोकांनी 'आमची माहिती वापरू नका' असं उलट कळवलं. विचारलं तर लोक नको म्हणतात. म्हणून तर कुणी विचारत नाही.

रिकर्सिव्ह

सहमत. त्यात एक भर घालतो. हा डेटा विकत घेणारे तो कसा सांभाळतात हीसुद्धा मोठी गंमत आहे. २०१९ मध्ये सुमारे १२० कोटी लोकांची माहिती इलॅस्टिकसर्च या शोध-डेटाबेसच्या एका उघड्या सर्व्हरवर सापडली, पासवर्ड वगैरे काही नाही. त्यातला मोठा हिस्सा अशाच माहितीपूरक सेवांकडून आलेला दिसत होता, पण सर्व्हर त्यांचा नव्हता. म्हणजे कुणा गिऱ्हाईकाने डेटा उचलून स्वतःच्या सर्व्हरवर ओतला असणार. सेमीकोलन, तुम्ही लायब्ररी लावलीत की त्या गिऱ्हाइकांच्या रांगेत तुम्हीही उभे.

खिडकीतला

एक वेगळी बाजू मांडतो. मी ऑनलाइन पेमेंटमधली लबाडी पकडण्याचं काम करतो. पत्त्यावरून माहिती काढणं आमच्याकडे रोजचंच आहे. पण आम्हाला नाव, फोटो, हुद्दा यातलं काही नको असतं. आमचे प्रश्न वेगळे: पत्ता कालच निर्माण झालाय का? डोमेन दहा मिनिटांत फेकून द्यायच्या पत्त्यांचं आहे का? या पत्त्यावर कुठे ना कुठे जुनी खाती आहेत का? लायब्ररी उत्तरादाखल एक आकडा देते, जोखमीचा. व्यवहार थांबवायचा की जाऊ द्यायचा ते त्यावर ठरतं.

यातला विनोद सांगू? पत्ता जुन्या डेटाचोरीच्या यादीत सापडला तर आमच्या दृष्टीने ती चांगली खूण असते. आठ-दहा वर्षांपूर्वी ज्याचा पासवर्ड फुटला तो माणूस बहुधा खरा असतो. ज्याचं कधीच काही चोरीला गेलेलं नाही, त्याच्याकडे आम्ही जास्त संशयाने बघतो.

उंटावरचा शहाणा

म्हणजे माझा कूलडेव्हिल तुमच्याकडे व्हीआयपी असणार. निदान अर्धा डझन याद्यांत सापडेल.

खिडकीतला

लाल गालिचा अंथरून ठेवलाय.

फुलपाखरू

वाचते आहे, छान चाललाय धागा. एक भाबडा प्रश्न: पत्ता तसाच पाठवायच्या ऐवजी त्याचा हॅश, म्हणजे गणिताने काढलेला ठसा, पाठवला तर? ईमेलला फोटो जोडणारं ग्रॅव्हटार तसंच करतं ना? मग पत्ता कुणालाच कळणार नाही.

अर्धविराम

@फुलपाखरू, प्रश्न अजिबात भाबडा नाही, बरेच अनुभवी लोक इथे फसतात.

ग्रॅव्हटारची कृती अशी. पत्त्याच्या पुढची-मागची मोकळी जागा काढा, सगळी अक्षरं लहान करा, हॅश काढा आणि तो फोटोच्या दुव्यात घाला. वर्षानुवर्षं हा हॅश एमडी५ पद्धतीचा होता, आता ते एसएचए-२५६ ही पद्धत वापरायला सांगतात. पण दोन्हींची अडचण एकच. हॅश उलटा फिरवता येत नाही हे खरं, पण त्याची गरजच कुठे आहे? कुलूप फोडता येत नसलं तरी किल्ल्यांचा जुडगा हातात असला की झालं. ईमेल पत्ते अंदाजाने सापडण्यासारखे असतात: नाव, ठिपका, आडनाव, दोन आकडे आणि पुढे चार-पाच ठरलेली डोमेन. प्रत्येकाचा हॅश काढून जुळवत बसायचं, साधा संगणकही हे भराभर करतो. शिवाय आधी फुटलेल्या पत्त्यांच्या कोट्यवधींच्या याद्या तयारच आहेत. २०२० मध्ये ग्रॅव्हटारवरून १६ कोटी ७० लाख खात्यांची नावं आणि हॅश खरवडले गेले. पुढे त्यांतल्या ११ कोटी ४० लाख हॅशमागचे पत्ते सोडवून वाटले गेले.

म्हणजे ब्लॉगवर टोपणनावाने लिहिणारा, पण फोटोसाठी ग्रॅव्हटार लावणारा माणूस पानाच्या सोर्समध्ये स्वतःचा पत्ता जवळजवळ लिहूनच ठेवत होता.

हॅशचा शहाणपणाने वापर बघायचा तर 'हॅव आय बीन पोन्ड' बघा. ट्रॉय हंट यांनी २०१३ च्या डिसेंबरमध्ये सुरू केलेली सेवा. तिथे पासवर्ड फुटलाय का हे तपासताना २०१८ पासून हॅशची फक्त पहिली पाच अक्षरं पाठवायची. त्या पाच अक्षरांनी सुरू होणारे शेकडो हॅश परत येतात आणि जुळणी तुमच्या यंत्रावर होते. तुमचा नेमका पासवर्ड कोणता ते सर्व्हरला कळतच नाही.

ईमेलच्या बाबतीतही त्यांनी एक चांगला नियम केला. ॲशली मॅडिसनसारख्या, म्हणजे लग्नाबाहेरच्या भेटी जुळवणाऱ्या साइटच्या २०१५ च्या फुटीला त्यांनी 'संवेदनशील' ठरवलं. त्या यादीत कुणाचा पत्ता आहे का हे दुसऱ्याला शोधता येत नाही. पत्ता आपलाच आहे हे मेलवरून सिद्ध केलं तरच दिसतं. @सेमीकोलन, ईमेलवरून माहिती देणाऱ्या सेवेला असंही वागता येतं.

नेमस्त

पण मग फेसबुकवर ईमेल टाकून माणूस शोधता यायचा, तेव्हा कुणी तक्रार केली नाही. आत्ताच सगळे जागे झाले?

अर्धविराम

@नेमस्त, ती सोय फेसबुकने स्वतः एप्रिल २०१८ मध्ये बंद केली आणि कारणही दिलं. फोन नंबर आणि ईमेलच्या याद्या त्या शोधात घालून लोक प्रोफाइलं खरवडत होते. ट्विटरवर तर २०२१ च्या एका बदलात चूक राहून गेली. पत्ता दिला की खात्याचा क्रमांक मिळायचा. जानेवारी २०२२ मध्ये ती चूक कळवली गेली, पण तोवर कुणी तरी हात मारला होता. आधी ५४ लाख खात्यांची माहिती विकायला आली, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला २० कोटींहून जास्त पत्त्यांची यादी फिरली. त्यात निनावी खाती चालवणारेही होते. कुणाला नोकरीची भीती, कुणाला घरच्यांची, कुणाला सरकारची. त्यांच्या दृष्टीने 'ईमेलवरून खातं' ही एकच ओळ पुरेशी घातक होती.

आणि एक गंमत. होलेहे नावाचं पायथनमधलं खुलं साधन आहे. त्याला कुठलंच कोठार लागत नाही. ते शंभराहून जास्त साइटांवर तुमचा पत्ता घेऊन जातं आणि 'पासवर्ड विसरलो' किंवा 'नवीन खातं' या पानांवर काय उत्तर मिळतं ते बघतं. 'हा पत्ता आधीच नोंदलेला आहे' असं आलं की खातं सापडलं. म्हणजे माहिती पुरवणारे आपणच, आपापल्या लॉग-इन पानांवरून.

म्हणून प्रत्येकाने आपली पानं तपासा. पत्ता असो वा नसो, संदेश एकच हवा: 'खातं असेल तर मेल पाठवली आहे.' तेवढ्यानेही भागत नाही. एका ग्राहकाकडे संदेश अगदी समान होता, पण खातं असलं की सर्व्हर मेल जाईपर्यंत थांबायचा आणि नसलं की लगेच उत्तर द्यायचा. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये फरक नुसत्या डोळ्यांना दिसत होता. मेल रांगेत टाकून उत्तर ताबडतोब दिलं, तेव्हा कुठे दोन्ही वेळा सारख्या झाल्या. लॉग-इनचंही तेच. खातं नसलं म्हणून पासवर्ड तपासणारं, मुद्दाम सावकाश चालणारं बीक्रिप्ट चालवायचंच टाळलं, की वेळ चुगली करते.

लॉगआउट

हे सगळं वाचून मी आपला प्रत्येक साइटला वेगळा पत्ता देतो: नाव+साइट@जीमेल. कुणी विकला की लगेच कळतं.

रिकर्सिव्ह

@लॉगआउट, कळतं, पण लपत नाही. अधिकच्या चिन्हापासून पुढचं कापून टाकणं हे अशा लायब्ररीचं पहिलं काम असतं. जीमेल नावातले ठिपकेही मोजत नाही, म्हणून तेही काढून टाकतात. सगळं गाळून झालं की खाली तुमचा मूळ पत्ता उरतोच. त्यापेक्षा फायरफॉक्स रिले किंवा ॲपलचं 'हाइड माय ईमेल' बरं. प्रत्येक साइटला खरोखरच वेगळा पत्ता जातो, कापायला काही शिल्लक राहत नाही.

जुना मॉडेम

आणि मानक काटेकोर वाचलं तर आरएफसी ५३२१ प्रमाणे @ च्या आधीचा भाग लहान-मोठ्या अक्षरांत फरक करणारा असू शकतो. सगळं लहान करून जुळवणारी प्रत्येक लायब्ररी तत्त्वतः दोन माणसांची एकत्र मोट बांधते.

रिकर्सिव्ह

काका, असा सर्व्हर चालवणारा माणूस जगात एकच असेल आणि तो तुम्ही असाल.

जुना मॉडेम

होतो. १९९६ पर्यंत.

बरं, चेष्टा पुरे. चुकीच्या माणसाचा मुद्दा खराच आहे. याहूने २०१३ मध्ये वर्षभर न वापरलेली नावं मोकळी करून नव्या लोकांना दिली होती. नव्या मालकांच्या पेटीत जुन्या मालकांची बिलं आणि भेटीच्या वेळा यायला लागल्या. कोठारातल्या फाइलीला मालक बदलल्याचं कसं कळणार? एका पत्त्यावर अख्खं घर असतं, तिथेही तोच घोळ. सेमीकोलन, तुमच्या छोट्या संस्थांत तर अध्यक्ष बदलतात आणि पत्ता तोच राहतो. लायब्ररी मागच्या अध्यक्षांचा फोटो लावून नव्या अध्यक्षांचं स्वागत करेल.

टिंबटिंब

निवडणूक अटीतटीची झाली असेल तर फारच बहार.

निळी शाई

मूळ प्रश्नाकडे येऊ का? @सेमीकोलन, ते सात रकाने कोणते, ते तुम्ही सांगितलंच नाही. आणि त्यातले किती तुमच्या ॲपला पुढे कुठे तरी लागतात?

सेमीकोलन

नाव, ईमेल, फोन, संस्था, हुद्दा, शहर, 'आमच्याबद्दल कुठे कळलं'.

तुमचा प्रश्न वाचून कोड शोधला. नाव आणि संस्था पावतीवर छापतो. ईमेल लॉग-इनला लागतो. फोन आम्ही आजवर कुणालाच केलेला नाही. शहर आणि हुद्दा डेटाबेसमध्ये लिहिला जातो आणि एका मासिक अहवालात येतो. तो अहवाल आमच्यापैकी कोण उघडतं असं ग्रुपवर विचारलं. दोघांनीही अंगठा दाखवला. अंगठा होकाराचा की नकाराचा, ते विचारायचं धाडस झालं नाही.

निळी शाई

मग लायब्ररी तीन-चार रकाने भरून देणार होती, त्यांतले नाव आणि संस्था सोडली तर एकही लागत नाही.

नेमस्त

थांबा थांबा. आज लागत नाही म्हणून उद्या लागणार नाही असं नाही. समोरचा दोनशे सभासदांची संस्था चालवतो की वीस, हे विक्रीला आधी कळलं तर वेगळं बोलता येतं. सगळंच तोडू नका.

खिडकीतला

@नेमस्त यांच्यासाठी मधला मार्ग: माणसाला सोडा, डोमेन बघा. पत्ता संस्थेच्या स्वतःच्या डोमेनवरचा असेल तर त्या डोमेनवरून संस्थेचं नाव आणि बोधचिन्ह सुचवता येतं. ती माहिती संस्थेची आहे, कुणा एकाची नाही. जीमेल वगैरे असेल तर काहीच करायचं नाही. आणि सुचवलेलं रकान्यात दिसलं पाहिजे, माणसाला खोडता आलं पाहिजे. चोरून डेटाबेसमध्ये लिहायचं नाही.

नेमस्त

हे मान्य. सभासदांची संख्या मात्र कळत नाही त्यातून.

कायदेबाज

ती विचारा. एक रकाना, ऐच्छिक. माणसं सांगतात हो.

सेमीकोलन

आमचं ठरलं ते लिहितो. पहिल्या पानावर ईमेल आणि नाव, बस. संस्थेचं नाव पहिली पावती बनवताना विचारायचं, तेव्हा माणसाला ते द्यावंसंही वाटतं. स्वतःचं डोमेन असेल तर खिडकीतला म्हणतात तशी सूचना. सभासदसंख्या ऐच्छिक, नेमस्तांच्या नावाने. फोटोसाठी प्रोफाइलमध्ये 'ग्रॅव्हटारवरून आणा' असं बटण, आपणहून आणायचा नाही. सहकारी अजून थोडा नाराज आहे. त्याने वेबहुकचा कोड फार प्रेमाने लिहिला होता.

अर्धविराम

बटण ठीक. फक्त फोटो तुमच्या सर्व्हरवर उतरवून तिथून दाखवा. थेट ग्रॅव्हटारचा दुवा लावलात तर पान बघणाऱ्या प्रत्येकाला तो हॅश मिळतो.

नेमस्त

आणि नवा फॉर्म लागल्यावर नोंदण्या वाढल्या की घटल्या ते इथे येऊन सांगा. माझी पैज घटण्यावर नाही, पण आकडे बघितल्याशिवाय मी टाळ्या वाजवत नाही.

रिकर्सिव्ह

त्याआधी सफाई. एपीआय की रद्द करा, तो प्रेमाचा वेबहुक बंद करा, नाही तर उशिरा आलेली उत्तरं तिथे पडतच राहतील. चाचणीत मिळालेलं जेसन लॉगमध्ये गेलंय का तेही बघा. डीबग चालू असताना आख्खं उत्तर छापायची सवय सगळ्यांनाच असते.

सेमीकोलन

आत्ताच बघितलं. आहे. माझ्याशिवाय अकरा जणांचं आहे. सहकाऱ्याने ओळखीतले पत्ते टाकून बघितले होते, एकाला नाव, फोटो, शहर सगळं आलंय. लॉग पुसतो, बॅकअप महिन्याने आपोआप जातात.

कायदेबाज

आणि त्या अकरा जणांना?

सेमीकोलन

सहकारी कळवणार आहे. म्हणाला, दहा जणांना फोन करतो, अकरावे सासरे आहेत, त्यांना तू कर.